घरासाठी सौर पॅनेल आणि बॅटरी निवडताना: वीजबिलापासून अंतिम चाचणीपर्यंत

घरावर सौर यंत्रणा बसवायचे मनात आले की हातात सर्वांत आधी पडते ते एखाद्या विक्रेत्याचे कोटेशन. त्या कोटेशनची पहिली ओळ बहुधा पॅनेलची असते, दुसरी इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलून देणाऱ्या यंत्राची) आणि बॅटरीचा उल्लेख तळाशी ‘हवी असल्यास’ अशा सदरात असतो. या प्रक्रियेतून स्वतः गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, निवडीचा क्रम जवळजवळ याच्या उलट असावा. बॅटरी हवी की नको आणि हवी तर कशासाठी, यावर इन्व्हर्टर ठरतो. इन्व्हर्टर आणि छप्पर यांवर पॅनेलची संख्या व जोडणी ठरते. पॅनेलच्या कंपनीचा प्रश्न त्यानंतर येतो. पुढील पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. यंत्रणा कशासाठी हवी आहे, हे एका वाक्यात लिहून काढा

सौर यंत्रणा घेण्याची कारणे साधारण तीन असतात: वीजबिल कमी करणे, वीज गेल्यावर घर चालू ठेवणे आणि वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी स्वतःची वीज तयार करणे. विक्रेत्याच्या बोलण्यात ही तिन्ही कारणे एकत्र येतात, परंतु प्रत्येकासाठी लागणारी यंत्रणा वेगळी असते.

फक्त बिल कमी करायचे असेल, तर तुमच्या वीज कंपनीचा जादा विजेचा हिशेब कसा चालतो, हे सर्वांत आधी विचारा. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, दिलेले प्रत्येक युनिट वापरलेल्या युनिटमधून सरळ वजा होत असेल, म्हणजे पूर्ण नेट मीटरिंग असेल, तर बॅटरीने बिलात काहीही बचत होत नाही. उलट बॅटरी भरताना आणि रिकामी करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून हिशेब किंचित तोट्याचाच होतो. ग्रिडला दिलेल्या विजेचा दर तुम्ही विकत घेत असलेल्या विजेच्या दरापेक्षा बराच कमी असेल, किंवा संध्याकाळच्या वेळी वीज महाग असेल, तरच दुपारची वीज साठवून रात्री वापरण्यात अर्थ आहे. एवढी एक माहिती हाती नसताना बॅटरीच्या क्षमतेची चर्चा करणे व्यर्थ आहे.

वीज वारंवार जात असेल, तर प्रश्न बचतीचा राहत नाही. तेव्हा बॅटरीचा विचार सोयीसाठी केलेला खर्च म्हणून करावा आणि ती किती वर्षांत ‘वसूल’ होईल, या आकड्यामागे फार धावू नये.

२. वापराची नोंद आणि कागदपत्रे गोळा करा

मागील १२ महिन्यांची वीजबिले घ्या. एका महिन्याच्या बिलावरून यंत्रणेचा आकार ठरवणे ही फार नेहमीची चूक आहे, कारण उन्हाळ्यातील एसी किंवा थंडीतील गिझर त्या एका महिन्याचे चित्र पार बदलून टाकतात. वर्षभराचा एकूण वापर ३,००० युनिट असेल आणि तुमच्या भागात १ किलोवॅट पॅनेल वर्षाला १,३०० युनिट देत असतील, तर सुमारे २.३ किलोवॅट पुरेसे होतात. हा ‘१ किलोवॅटमागे वर्षाला किती युनिट’ हा आकडा जागेनुसार पुष्कळ बदलतो: भरपूर उन्हाच्या प्रदेशात तो १,२०० ते १,५०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, तर ढगाळ आणि विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात १,००० च्याही खाली जातो. पीव्हीजीआयएस, पीव्हीवॉट्स आणि ग्लोबल सोलर ॲटलास या मोफत संकेतस्थळांवर तुमचे ठिकाण टाकून तो स्वतः काढता येतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा याच्याशी ताडून पाहा.

दिवसातील वापराची वेळही महत्त्वाची आहे. दिवसभर माणसे घरी असलेले कुटुंब आणि संध्याकाळीच घर उघडणारे कुटुंब यांचे मासिक युनिट सारखे असले, तरी त्यांची गरज सारखी नसते. सकाळी ९ वाजता आणि संध्याकाळी ५ वाजता मीटरचे आकडे आठवडाभर लिहून ठेवले, तर उन्हाच्या वेळेत किती वीज वापरली जाते, याचा पुरेसा अंदाज येतो. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गिझर अशी कामे दुपारी हलवता येत असतील, तर तेवढी बॅटरी कमी लागते. बॅटरी विकणारा हे सहसा सांगत नाही.

सोबत ठेवावयाची कागदपत्रे व माहिती:

- मागील १२ महिन्यांची वीजबिले, ग्राहक क्रमांक आणि मंजूर वीजभार
- जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि मीटर व मुख्य डीबी (घरभर वीज वाटणारी स्विचची पेटी) यांची छायाचित्रे
- घराच्या मालकीचा पुरावा. सामाईक गच्ची असल्यास सहरहिवाशांची लेखी संमती
- छताचे मोजमाप, त्याचे वय आणि शेवटचे वॉटरप्रूफिंग कधी झाले त्याची नोंद
- वीज गेल्यावर चालू राहायलाच हवीत अशा उपकरणांची यादी, प्रत्येकाच्या वॅटसह

या यादीतील शेवटची बाब सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि पाचव्या पायरीचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

३. छप्पर आणि सावली तपासा

आजच्या पॅनेलना प्रत्यक्ष पृष्ठभाग म्हणून १ किलोवॅटमागे साधारण ५ चौरस मीटर लागतात. सपाट गच्चीवर ओळींमधील अंतर आणि जाण्या-येण्याची वाट धरल्यास ही जागा ८ ते १० चौरस मीटरपर्यंत जाते. उत्तर गोलार्धात पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे असावे, आणि कल साधारण त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असावा. यात थोडाफार फरक पडला, तर उत्पादन फारसे घटत नाही. अर्धे पॅनेल पूर्वेकडे आणि अर्धे पश्चिमेकडे ठेवल्यास एकूण वीज थोडी कमी मिळते, परंतु ती सकाळी आणि संध्याकाळी जास्त पसरते, जे पुष्कळ घरांच्या सोयीचेच असते.

सावलीच्या बाबतीत मात्र अशी सूट नाही. पॅनेलमधील सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे थोड्या भागावर पडलेली सावलीही त्या मानाने कितीतरी जास्त वीज खाते. बहुतेक पॅनेलमध्ये ३ बायपास डायोड असतात आणि ते सावलीतील भाग वगळून उरलेला भाग चालू ठेवतात, पण वगळला जाणारा भाग पॅनेलचा एक तृतीयांश असतो. पाण्याची टाकी, कठडा, शेजारची इमारत, झाड, अगदी डिश अँटेनाचा दांडाही मोजून घ्यावा. पाहणी सूर्य सर्वांत खाली असतो त्या दिवसांत, म्हणजे उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या आणि दक्षिण गोलार्धात जूनच्या उत्तरार्धात, सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत करता आली तर उत्तम. तेवढे थांबणे शक्य नसेल, तर विक्रेत्याकडून सावलीचा संगणकीय आराखडा लेखी मागा. वर्षातील सर्वांत उंच सूर्याच्या दिवशी गच्चीवर येऊन ‘सावली काहीच नाही’ असे सांगणाऱ्यावर विसंबू नका.

छताला येत्या काही वर्षांत दुरुस्ती लागणार असेल, तर ती आधी करून घ्या. पॅनेल २५ वर्षे टिकतात. त्यांच्याखालचे गळके छत नंतर उघडणे फार खर्चिक पडते.

४. इन्व्हर्टरचा प्रकार ठरवा

नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत येथे होते. साध्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरवर चालणारी यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. हा दोष नसून सुरक्षेसाठी केलेली सक्तीची व्यवस्था आहे: ग्रिड बंद असताना तुमच्या घरातून वीज बाहेर गेली, तर तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. ‘छतावर पॅनेल आहेत, म्हणजे अंधाराची चिंता मिटली’ असे समजून साधी यंत्रणा घेतलेली अनेक घरे आहेत.

वीज गेल्यावरही घर चालू राहायला हवे असेल, तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हा इन्व्हर्टर अशा वेळी घराला ग्रिडपासून तोडून स्वतंत्रपणे चालवतो. आज बॅटरी नको, परंतु दोन-तीन वर्षांनी घेऊ, असा विचार असेल, तर आताच हायब्रीड इन्व्हर्टर घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. अर्थात त्याच्याशी कोणत्या कंपन्यांच्या कोणत्या बॅटऱ्या जुळतात, याची उत्पादकाने दिलेली यादी आधी पाहायला हवी. आधीपासून ऑन-ग्रिड यंत्रणा बसवलेली असेल, तर ती न काढता एसी बाजूने, म्हणजे इन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या घरगुती विजेच्या बाजूने, बॅटरी जोडता येते. त्यात विजेचे रूपांतर जास्त वेळा होते आणि थोडी वीज वाया जाते, परंतु चालू असलेला इन्व्हर्टर फेकण्यापेक्षा तेच बरे. ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर वीजजोडणी नसलेल्या घरासाठी असतो.

सावली टाळता येत नसेल, किंवा छताला तीन-चार वेगळ्या दिशा असतील, तर प्रत्येक पॅनेलखाली ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे त्या पॅनेलचे उत्पादन इतरांपासून वेगळे सांभाळणारे छोटे यंत्र, बसवण्याचा पर्याय आहे. मोकळ्या, एका दिशेच्या छतावर त्याचा लाभ फारसा नाही, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी छतावर चढावे लागते.

आणखी एक तांत्रिक बाब स्वतः तपासा, कारण ती चुकली तर इन्व्हर्टर जळू शकतो. पॅनेलचा व्होल्टेज थंडीत वाढतो. समजा, एका पॅनेलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेले नसतानाचा व्होल्टेज) २५ अंश सेल्सिअसला ५० व्होल्ट आहे आणि तापमान उतरताना तो प्रत्येक अंशामागे ०.२६ टक्के वाढतो. उणे ५ अंशांच्या पहाटे तो सुमारे ५४ व्होल्ट होईल. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६०० व्होल्ट असेल, तर एकामागे एक जोडलेल्या ओळीत कागदावर १२ पॅनेल अगदी नेमके बसतात. प्रत्यक्षात त्या पहाटे ते ६४७ व्होल्टपर्यंत जातील. म्हणजे एका ओळीत ११ पॅनेलच्या पुढे जाता येणार नाही. तुमच्या भागातील सर्वांत कमी तापमान धरून हा गुणाकार कोटेशनसोबत लिहून द्यायला सांगा.

५. बॅटरीची क्षमता आणि प्रकार ठरवा

बॅटरीबाबत दोन वेगळे आकडे असतात. युनिटमधला आकडा ती एकूण किती वीज साठवते ते सांगतो, तर किलोवॅटमधला आकडा ती एका वेळी किती भार उचलते ते सांगतो. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरात असतो. दुसरा शोधावा लागतो.

आधी पहिला आकडा काढू. समजा, वीज गेल्यावर फ्रीज (सरासरी ६० वॅट), तीन पंखे (२१० वॅट), दिवे (५० वॅट), राउटर (१० वॅट) आणि एक लॅपटॉप (५० वॅट) एवढे ६ तास चालवायचे आहे. एकूण भार ३८० वॅट, म्हणून ६ तासांसाठी सुमारे २.३ युनिट लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेट (लिथियम बॅटरीचा एक प्रकार) बॅटरीतून ९० टक्के वीज वापरली आणि इन्व्हर्टरमध्ये ७ टक्के गेली असे धरल्यास २.७ युनिटची बॅटरी हवी, आणि वयानुसार क्षमता घटते हे लक्षात घेऊन ३.५ युनिटची घ्यावी. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केल्यास लवकर मरते, त्यामुळे त्याच कामासाठी ती नवी असतानाच ५ युनिटच्या आसपास लागेल. किमतींची तुलना करताना छापील क्षमता न घेता अशी वापरता येणारी क्षमता घेतली, तर लेड-ॲसिडचा स्वस्तपणा बराच ओसरतो. शिवाय डिस्टिल्ड वॉटर भरण्याचे आणि चार्जिंगच्या वेळी निघणाऱ्या हायड्रोजनसाठी हवेशीर जागा ठेवण्याचे काम मागे लागते ते वेगळेच.

आता दुसरा आकडा. घरगुती बॅटरीचा एक प्रचलित संच ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास, म्हणजे ५.१२ युनिटचा असतो. त्यातील बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारे सर्किट, सतत ५० अँपिअरच देऊ देत असेल, तर ही बॅटरी सुमारे २.५ किलोवॅटच भार उचलेल, मग भिंतीवरचा इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा का असेना. पंप, एसी आणि फ्रीज यांच्या मोटारी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढतात, म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी या दोघांचीही क्षणिक मर्यादा पाहावी. माझ्या मते बॅकअपवर पंप आणि गिझर ठेवूच नयेत. अत्यावश्यक उपकरणांसाठी वेगळा छोटा डीबी करून घ्यावा आणि तेवढाच बॅटरीला जोडावा.

रसायनाच्या बाबतीत घरासाठी आज लिथियम आयर्न फॉस्फेट हीच स्वाभाविक निवड आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी तेवढ्याच क्षमतेत हलकी आणि लहान असते, परंतु भिंतीला टांगलेल्या वस्तूच्या वजनाची चिंता कोणी करत नाही. फॉस्फेट प्रकारात उष्णतेने अनियंत्रित होण्याचा धोका कमी आणि आवर्तने (भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) जास्त, हे गुण घरात अधिक मोलाचे आहेत. मात्र कोणतीही नेहमीची लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, आणि कडक उन्हात तापणाऱ्या भिंतीवर, झोपण्याच्या खोलीत किंवा घराबाहेर पडण्याच्या वाटेवर ती बसवू नये.

हमीपत्रातील ‘६,००० आवर्तने किंवा १० वर्षे, जे आधी होईल ते’ हे वाक्य नीट वाचा. रोज एक आवर्तन झाले, तरी १० वर्षांत ३,६५० च होतात. म्हणजे ६,००० हा आकडा हमीच्या दृष्टीने शोभेचा आहे. खरी अट बहुधा तिसऱ्या ओळीत असते: बॅटरीतून एकूण किती मेगावॅट-तास (१ मेगावॅट-तास म्हणजे १,००० युनिट) वीज घेतल्यावर हमी संपते आणि तोवर किती टक्के क्षमता उरण्याची खात्री दिली आहे.

६. पॅनेल निवडा

लोक ज्यावर सर्वाधिक वेळ घालवतात, ती ही पायरी मी मुद्दाम आटोपशीर ठेवतो. नामांकित उत्पादकांच्या पॅनेलमधील फरक आता थोडा आहे. तप्त छतावर सेल ६० अंशांपर्यंत तापला, तर ०.३५ टक्के तापमान गुणांक (२५ अंशांवरील प्रत्येक अंशामागे होणारी घट) असलेल्या पर्क पॅनेलचे उत्पादन सुमारे १२ टक्के घटते आणि ०.२९ टक्क्यांच्या टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनेलचे सुमारे १० टक्के. हा २ टक्क्यांचा फरक एका टाकीच्या सावलीपुढे किरकोळ आहे. जागा अपुरी असेल, तर जास्त कार्यक्षमतेसाठी जादा पैसे द्यावेत. जागा मुबलक असेल, तर देऊ नयेत. दोन्ही बाजूंनी वीज देणारे बायफेशियल पॅनेल खालचा पृष्ठभाग फिकट आणि पॅनेल त्यापासून पुरेसे उंच असतील तरच मागच्या बाजूने काही देतात.

आयईसी ६१२१५ आणि आयईसी ६१७३० ही दोन प्रमाणपत्रे असायलाच हवीत, आणि समुद्रकिनारी राहत असाल, तर क्षारयुक्त हवेसाठीचे आयईसी ६१७०१ हेही. हमी दोन प्रकारची असते: उत्पादनक्षमतेची २५ ते ३० वर्षांची आणि वस्तूतील दोषांची त्याहून बहुधा कमी वर्षांची. मोठ्या अक्षरात पहिली छापलेली असते, पण कामाला येते ती दुसरी.

७. कोटेशनची तुलना करा

किमान तीन कोटेशन घ्या आणि ती प्रति किलोवॅट दरावर न तोलता वर्षाला अपेक्षित युनिटवर तोला. प्रत्येकात पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांचे पूर्ण मॉडेल क्रमांक असावेत. ‘अथवा समतुल्य’ असे शब्द दिसले, तर ते खोडून घ्या. सांगाड्याचा धातू आणि जाडी, तो किती वेगाचा वारा सोसेल, केबलची जाडी, सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून बचाव करणारे उपकरण), अर्थिंग, मीटर बदलण्याचे शुल्क आणि वीज कंपनीच्या परवानगीची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेले नसेल, तर ते धरलेले नाही असेच समजा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता मीटर बसून यंत्रणा सुरू होईपर्यंत राखून ठेवा.

८. बसवताना उभे राहून पाहण्याच्या गोष्टी

पॅनेलची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज घरातल्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेपेक्षा एका बाबतीत जास्त धोकादायक असते. एसीचा प्रवाह दर सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी तशी आपोआप विझत नाही. म्हणून सैल किंवा न जुळणारा कनेक्टर हे सौर यंत्रणेतील आगीचे एक प्रमुख कारण आहे. एमसी४ कनेक्टरचे नर आणि मादी भाग एकाच कंपनीचे असावेत, ते योग्य पक्कडीने दाबलेले असावेत आणि छतावर साचलेल्या पाण्यात पडलेले नसावेत. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत ‘बसतात’ म्हणून जोडू देऊ नका.

कामगार पॅनेलवर पाय देऊन चालत असतील, तर काम थांबवा. काच फुटली नाही, तरी आतल्या सेलना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. प्रत्येक पॅनेलची फ्रेम आणि सांगाडा अर्थिंगला जोडलेला आहे का, छताला पाडलेली भोके बुजवून वॉटरप्रूफ केली आहेत का आणि डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) सहज हात पोहोचेल अशा जागी आहे का, हे पाहा. पॅनेल वर चढवण्यापूर्वी प्रत्येकाच्या सीरियल क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवा. एकदा बसवल्यावर तो मागच्या बाजूला जातो, आणि हमीचा दावा त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही.

९. ताबा घेण्यापूर्वी चाचणी घ्या

पॅनेलच्या प्रत्येक ओळीचा मोजलेला व्होल्टेज, इन्सुलेशन रेझिस्टन्स (तारांच्या आवरणातून वीज गळत नाही ना, याचे माप) आणि अर्थिंगचा रोध यांचा लेखी अहवाल मागा. बॅटरी घेतली असेल, तर तंत्रज्ञासमोरच मुख्य स्विच बंद करून वीज गेल्याची परिस्थिती निर्माण करा: ठरवलेली सगळी उपकरणे चालतात का, संगणक मध्येच बंद पडतो का, फ्रीजचा काँप्रेसर सुरू होताना इन्व्हर्टर तक्रार करतो का आणि वीज परत आल्यावर यंत्रणा स्वतःहून जुळते का, हे एकदा सूर्य असताना आणि एकदा सूर्यास्तानंतर पाहा. इन्व्हर्टरच्या ॲपचे मालक-खाते तुमच्या नावावर करून घ्या. ते कंत्राटदाराच्या नावावर राहिले आणि त्याने व्यवसाय बदलला, तर तुमच्याच यंत्रणेची माहिती तुम्हाला दिसेनाशी होते.

पुढे वर्षभर दर महिन्याचे उत्पादन कोटेशनमधील मासिक अंदाजाशेजारी लिहीत जा. एखादा महिना ढगांमुळे मागे पडणे स्वाभाविक आहे. परंतु स्वच्छ उन्हाच्या महिन्यातही उत्पादन अंदाजाच्या ८० टक्क्यांखाली असेल, तर आधी सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने ते धुऊन घ्या. त्यानेही आकडा वर आला नाही, तर ओळींचे वेगवेगळे उत्पादन ॲपमध्ये पाहा आणि ती नोंद जोडून लेखी तक्रार करा.